माळ्यावरचे कृष्णधवल फोटो रंगवावेत का?

नौपाडेकर:
आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, म्हणून गेल्या महिन्यात माळा उपसला. ट्रंकेत आजी-आजोबांचा १९४६ सालचा लग्नातला फोटो सापडला. भाच्याने अ‍ॅपवर रंगवून तो घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांना आवडला, मला मात्र कसंतरीच झालं. अ‍ॅपने आजीचा शालू लालभडक केलाय. आत्या सांगते, शालू जांभळा होता. त्याचा काठ तिने मुलीच्या परकराला लावला होता. उद्या नातवंडं लालच खरा धरणार. डाग काढा, फाटलेलं सांधा, पण रंगवू नका.

ऐरोलीकर:
मला नाही पटत. माझी मुलगी जुन्या फोटोंकडे ढुंकूनही बघत नव्हती. पणजीचा रंगवलेला फोटो पाहिला आणि विचारलं, "ही नथ आता कुणाकडे आहे?" तिथून तासभर गप्पा झाल्या. शिवाय कृष्णधवल ही तेव्हाच्या लोकांची आवड नव्हती, तो नाइलाज होता. प्रभात फिल्म कंपनीने १९३३ साली 'सैरंध्री' हा सिनेमा रंगीत करायला थेट जर्मनी गाठली. रंग मनासारखे उतरले नाहीत, पण हौस होतीच ना? आणि स्टुडिओवालेही फोटो हाताने रंगवून देत.

तलावपाळीकर:
हाताने रंगवणाऱ्याला शालूचा रंग सांगता यायचा. अ‍ॅप कुणाला विचारतं?
दुसरं म्हणजे, फोटो ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर काढलेला असेल, तर तिला लाल रंग जवळपास दिसतच नाही आणि निळा मात्र जास्त दिसतो. म्हणून लाल कुंकू काळं येतं, निळं आकाश पांढरंफटक. नुसत्या करड्या छटेवरून मूळ रंग ओळखणार कसा? सिनेमाचंही तेच. 'अयोध्येचा राजा'तल्या (१९३२) दुर्गा खोटे बघा. तो चेहरा उजेड आणि सावलीवर उभा आहे. त्यावर रंग चढवला की आपली नजर दागिन्यांकडे जाते, डोळ्यांकडे नाही.

ऐरोलीकर:
कुंकवाचं माहीत नव्हतं, ते मान्य. मग फोटोवरच 'रंग अंदाजाने' असं लिहू. पण रंगवणं थांबवणार नाही. माझ्या मुलीला पणजी भेटली ती त्या फोटोमुळेच.

नौपाडेकर:
लिहायचं तर फोटोच्या आतच लिहा, खाली वेगळी ओळ नको. फॉरवर्ड होताना ती पहिली गळते. आणि रंगवलेला फोटो आवडला म्हणून मूळ प्रत रद्दीत घालू नका, ही हात जोडून विनंती. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, वरचा थर काचेलाच राहतो. काचेसकट स्कॅन करून घ्या.
बाकीच्या फोटोंतली निम्मी माणसं मला ओळखता येत नाहीत. आत्या ७७ वर्षांची आहे. रविवारी ट्रंक घेऊन तिच्याकडे जातोय, प्रत्येकाच्या मागे नाव लिहून घ्यायला. पेन्सिलने, शाई पुढे उतरते.