मदत हवी आहे: आंब्याच्या वाळक्या फांदीवरची काळी, होडीसारखी बुरशी, हिस्टेरियम की आणखी काही?

नमुना मुळशीजवळचा, ऑगस्टअखेरचा. आंब्याची पडलेली, साल असलेली, अंगठ्याएवढी जाड फांदी. सालीवर बुरशीची १ ते २ मिमी लांबीची काळी, कडक फळं, मधे लांबट चीर. लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू या निळ्या रंगद्रवात स्लाइड केली. ४० च्या ऑब्जेक्टिव्हखाली तपकिरी बीजाणू, तीन आडवे पडदे. माप १००–११० × ४० मायक्रॉन. काही बीजाणू मात्र रंगहीन आणि एकाच पडद्याचे. दोन बुरश्या मिसळल्यात का? त्याच स्लाइडवर आयोडिन सोडलं तर सगळंच निळं दिसतंय. चीर पाहून हिस्टेरियम वाटतं, पण त्यात एवढे मोठे बीजाणू कुठेच सापडत नाहीत. फोटो जोडलाय, जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद १

माप चुकलंय, आणि नेमकं चौपट. आयपीसमधली पट्टी १० च्या ऑब्जेक्टिव्हवर जुळवलीत का? तिथे एक घर साधारण १० मायक्रॉनचं येतं, ४० वर तेच घर २.५ चं होतं. फोटोतच पडताळा येतो: आयपीसवर १८ (दृश्यवर्तुळाचा आकडा, मिमीत) लिहिलं असेल तर ४० वर दिसणारं वर्तुळ १८ ÷ ४० म्हणजे ०.४५ मिमी, ४५० मायक्रॉन. तुमचा बीजाणू त्या वर्तुळात आडवा सोळा-सतरा वेळा मावेल. म्हणजे लांबी २७ च्या आसपास, ११० नव्हे. स्टेज मायक्रोमीटर (मापाच्या बारीक रेघा आखलेली काचपट्टी) ठेवून प्रत्येक ऑब्जेक्टिव्हचा आकडा वेगळा काढा आणि कागदावर लिहून सूक्ष्मदर्शकालाच चिकटवा.

रंगहीन, एका पडद्याचे बीजाणू त्याच बुरशीचे कोवळे असणार. ते अजून पिशवीत (ज्यात बीजाणू तयार होतात त्या पेशीत) आहेत का ते बघा. मोजायचे ते पिशवीबाहेर पडलेले, पूर्ण तपकिरी, किमान २५–३०.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. आता स्लाइडबद्दल. कॉटन ब्लूने सगळं रंगवून झाल्यावर आयोडिनचा निळा शोधायचा म्हणजे निळ्या शाईच्या डागात निळी शाई शोधणं. शिवाय लॅक्टोफिनॉलमध्ये पेशी मरतात, आकसतात. तपकिरी बीजाणूंना रंगाची गरजच नाही. पहिली स्लाइड कायम साध्या पाण्यात.

फांदीचा तुकडा ओल्या टिश्यूसोबत बंद डबीत रात्रभर ठेवा. सकाळी १० पट भिंगाखाली चीर बघा, कारण अर्धं उत्तर तिथेच मिळतं. हिस्टेरियमची चीर ओली झाली तरी चीरच राहते. ओठ उघडून आत तांबूस किंवा नारिंगी थाळी दिसली आणि ओठांवर आडव्या सुरकुत्या असल्या तर ऱ्हिटिडहिस्टेरॉन हा हिस्टेरियमच्या जवळचा वंश धरून चाला.

मग नवं ब्लेड अर्धं मोडून फळाचा उभा काप घ्या. अख्खं फळ दाबू नका. काळी भिंत कोळशासारखी फुटते, तिचे कण कव्हरस्लिपखाली अडकतात आणि मग १०० चं ऑब्जेक्टिव्ह फोकसलाच येत नाही. आतला मऊ थर सुईच्या टोकाने उचलून पाण्याच्या थेंबात सोडा, कव्हरस्लिप टाका आणि पेन्सिलीच्या खोडरबराने हलकेच टकटक करा. पिशवी जिवंत असली तर कधीकधी बाहेरची भिंत टोकाला फाटून आतली लांबलचक बाहेर येताना दिसते. असं दिसलं की दुहेरी भिंत पक्की. हिस्टेरियमच्या कुळात ती असतेच, आणि पिशवीचं टोक आयोडिनने निळं होत नाही.

आयोडिन तपासायचंच असेल तर वेगळी, न रंगवलेली स्लाइड घ्या. १०० मिली पाणी, ३ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, १ ग्रॅम आयोडिन. आयोडाइड आधी थोड्या पाण्यात विरघळवा, नाहीतर आयोडिन तळाशी बसून राहतं. जखमेवरचं पोव्हिडोन-आयोडिन इथे चालणार नाही.

धागाकर्ता

पट्टी खरंच १० वरच जुळवलेली होती. नवीन माप, ३० बीजाणू: २४–२८ × ९–१०.५. रात्रभर ओलं ठेवल्यावर ओठ उघडले, आत विटकरी थाळी. कडेला आडव्या रेघा आहेत.

प्रतिसाद २

मग ऱ्हिटिडहिस्टेरॉन रुफुलम, पण समूह या अर्थाने. हिस्टेरियम अँगुस्टाटमचे तीन पडद्यांचे बीजाणू साधारण १५–२० मायक्रॉनचे, बरेच बारीक असतात. जुन्या ओळख-चाव्यांत (जाती ओळखायच्या तक्त्यांत) ऱ्हिटिडहिस्टेरॉन हा वंश पॅटेलॅरिएसी कुळात सापडेल. डीएनएच्या आधारे २००९ मध्ये तो हिस्टेरिएसीत आला, म्हणून पुस्तकांत गोंधळ दिसतो. रुफुलमच्या जवळच्या बऱ्याच नव्या जाती अलीकडे वेगळ्या केल्या आहेत, त्यामुळे नुसत्या बीजाणूंवरून जातीचं नाव ठामपणे लिहू नका.

प्रतिसाद १

नमुना फेकू नका. सावलीत वाळवून कागदी पाकिटात घाला (प्लास्टिकमध्ये मूस येते), आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा म्हणजे किडे मरतील. पाकिटावर झाड, ठिकाण, तारीख आणि ही दुरुस्त मापं लिहा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे. पुढे डीएनए करायचं ठरलं तर आधी तिथे विचारा.