मदत हवी आहे : रात्रीची जागल आणि वाढलेली साखर

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या शेतात हरभरा उभा असून, रानडुकरे आणि रोही यांच्यापासून तो राखण्यासाठी माझे वडील (वय ५२) दोन महिन्यांपासून रोज जागल करतात. मचाणावर बॅटरी हाती धरून बसल्याने रात्री जेमतेम ३ तास, तीही तुटक, झोप होते. त्यांची एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) ६.१ टक्के आली, म्हणजे मधुमेहपूर्व (५.७ ते ६.४) टप्पा. चहातील साखर बंद केली आहे, वजन बेताचे आहे, ते घोरत नाहीत, औषध सुरू नाही. अपुऱ्या झोपेने इन्सुलिनचा परिणाम मंदावतो, हे डॉक्टरांनी समजावले. परंतु पीक निघेपर्यंत जागल सोडता येत नाही. दुपारची सलग झोप ही उणीव कितपत भरून काढते, आणि जागल संपल्यावर किती दिवसांनी पुन्हा तपासणी केल्यास खरा फरक कळेल?