मदत हवी आहे: स्नोमोबाईलच्या ट्रॅकला घरीच क्लिपा बसवायच्या आहेत

नमस्कार मंडळी. मी मिशिगनमध्ये हॉटनजवळ राहतो. इथे हिवाळ्यात २०० इंचांच्या आसपास बर्फ पडतो, त्यामुळे ग्रुपमध्ये कुणीतरी स्नोमोबाईल (बर्फावर चालणारी गाडी) दुरुस्त करणारं असेल अशी आशा आहे.

माझ्या जुन्या गाडीचा ट्रॅक (खाली फिरणारा रबरी पट्टा) १२१ इंची, २.५२ इंच पिचचा (म्हणजे दातांमधल्या अंतराचा) आहे. रबर शाबूत आहे, म्हणून अख्खा ट्रॅक बदलायला मन धजत नाही. पण त्यावरच्या धातूच्या काही क्लिपा गळून पडल्यात, काही वाकल्यात, आणि वाकलेल्यांच्या कडा स्लाइडखालची (ट्रॅक ज्यावरून सरकतो त्या दांड्यांखालची) प्लास्टिकची पट्टी खरवडतायत. खरी काळजी त्याचीच आहे.

जुनी क्लिप ग्राइंडरने कापताना खालच्या रबराला आणि त्यातल्या दोऱ्यांना इजा होऊ नये म्हणून काय करता? सस्पेन्शन न उतरवता क्लिप दाबायचं हत्यार आत नीट बसतं का? हातोडीने ठोकणं मला पटत नाही. सैल राहिली तर क्लिप पुन्हा निसटणार, जास्त आवळली तर रबर चिरणार. उंच कानांच्या, ट्रॅक सरळ ठेवणाऱ्या गाइड क्लिपा मूळ जागीच बसवणार आहे.

जवळपास कुणाकडे हे हत्यार असेल तर दोन दिवसांसाठी द्याल का? मी येऊन घेऊन जाईन.