‘रो अपॉन रो’ मराठीत कसं म्हणाल?

खडकीच्या वॉर सेमेटरीवरच्या एका भाषांतरात ‘रो अपॉन रो’साठी ‘रांगेवर रांग’ असं वाचलं आणि थबकले. दुसऱ्या महायुद्धातल्या दीड हजारांहून अधिक सैनिकांच्या कबरी आहेत तिथे, सगळ्यांवर सारख्या शिळा, हिरवळीत नीट ओळीने उभ्या. पण ‘वर’ म्हटलं की आपल्याला रचलेलं दिसतं. थरावर थर, विटेवर वीट. जमिनीवर शेजारीशेजारी उभ्या शिळांना ते कसं चालेल? तिथे ‘शिळांच्या ओळीच ओळी’च हवं.

‘रांगा’ही चुकीचं नाही, पण रांग म्हटलं की मला रेशनच्या दुकानापुढची माणसं दिसतात. कबरींना ओळच बरी.

मराठीत भरपूरपणा द्विरुक्तीतून येतो, शिस्त मात्र नामातून आणावी लागते. ‘फुलंच फुलं’ म्हटलं तर फुलं पुष्कळ, पण कशीही पसरलेली. ‘फुलझाडांच्या ओळीच ओळी’ म्हटलं की वाफे दिसायला लागतात.

‘च’ आणि ‘च्या’ यांतही फरक आहे. ‘पाणीच पाणी’ म्हणजे दुसरं काही दिसतच नाही. ‘गावंच्या गावं ओस पडली’ म्हणजे गाव अख्खं रिकामं झालं, आणि अशी अनेक. इथे व्याकरणही वेगळं वागतं, मला ते फार आवडतं. ‘गावांच्या वेशी’ म्हणणारे आपण ‘गावांच्या गावं’ कधीच म्हणत नाही. पहिला शब्द सामान्यरूप न होता (म्हणजे ‘च्या’ लागताना ‘गावं’चं ‘गावां’ न होता) जसाच्या तसा राहतो: पानंच्या पानं, झुंडीच्या झुंडी, पोतीच्या पोती.

आणि वस्तू खरोखरच एकावर एक असतील तर द्विरुक्तीची गरजही पडत नाही. नाण्यांची किंवा ताटांची चळत. मडक्यांची उतरंड, तळाशी सगळ्यात मोठं, वर लहान होत गेलेली. (स्वयंपाकघरातून ती गेली, ‘जातीची उतरंड’मध्ये तेवढी राहिली.) पोत्यांची थप्पी. मार्केट यार्डात हमाल एक थर उभा, पुढचा आडवा असा लावत जातात, म्हणजे पोती एकमेकांना धरून राहतात. ढीग आणि थप्पी यांतला फरक तिथे डोळ्यांनी दिसतो. ढिगातलं पोतं ओढलं तर बाकीची घरंगळतात.

तेव्हा कबरींना ‘ओळीच ओळी’, गोदामातल्या पोत्यांना ‘थप्प्याच थप्प्या’ आणि आईच्या फळीवरच्या पितळी डब्यांना नुसतं ‘ओळीने लावलेले डबेच डबे’.