झडप गळते की अरुंद आहे?

हृदयाची मायट्रल झडप (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) थोडी गळते, तरी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकल मारू का, असं विचारलंय तुम्ही. माझी झडप बदलून सहा वर्षं झाली, रोज सायकल चालवतो, म्हणून कळकळीने लिहितोय.

गळती माइल्ड असेल, हृदयाचा आकार आणि पंपिंग नीट असेल, तर बहुतेकांना व्यायामाची मुभा मिळते. महाधमनीची झडप (हृदयातून शरीराकडे रक्त जातं तिथली) अरुंद असेल तर मात्र चढावर चक्कर येऊन माणूस कोसळू शकतो. तिथे डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्याशिवाय पेडल मारूच नका.

बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद ठेवणारी गोळी, चालू असेल तर स्मार्ट घड्याळात दिसणाऱ्या ठोक्यांवर विसंबू नका, ते फारसे वाढतच नाहीत. मी चढावर शेजारच्याशी सलग वाक्य बोलता येतंय का ते बघतो. नाही आलं की हलका गिअर, तरीही दम लागला तर उतरून चालतो.

रक्त पातळ करायची गोळी असेल तर हेल्मेट हवंच. गेल्या पावसाळ्यात खडीवरून घसरलो, कोपर नुसतं खरचटलं, पण अर्धा तास रुमाल दाबून बसलो होतो. डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी थेट हॉस्पिटल गाठायचं.

तुमचा शेवटचा टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) कधीचा आहे?