गाडीच्या इंजिनचं हेड बदलायचं की फेसिंग मारायचं? ४६ हजारांचं एस्टिमेट आणि २४ हजारांचा पगार

शिरोळचा_क्लार्क
मंडळी जरा मोठं लिहितोय, पटलं नाही तर सरळ सांगा. २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली १ लाख ६० हजाराला, त्यातलं पतसंस्थेचं कर्ज अजून फिटायचंय. शाळेत क्लार्क आहे, हातात २४ हजार पडतात. गाडी हौसेसाठी घेतलेली नाही, वडिलांचं आठवड्यातून दोनदा मिरजेला डायलिसिस असतं. गेल्या मंगळवारी परत येताना टेंपरेचरचा लाल दिवा लागला, थोड्या वेळाने बोनेटमधून वाफ आणि गाडी बंद. टो करून सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या पोराने ऑइलची पट्टी ओढून दाखवली, पट्टीवर ऑइल नव्हतंच, दूध जास्त झालेल्या चहासारखा फेस होता. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील, गेलंय, इंजिन गार ठेवणारं कूलंट ऑइलमध्ये उतरलंय.

एस्टिमेट आलं ४६,३००. त्यात नवीन हेड असेंब्ली, वॉटर पंप, रेडिएटर, थर्मोस्टॅट, होज पाईपचा सेट, लेबर वेगळं. मी विचारलं हेड उघडून मोजलंय का, किती वाकलंय? तर म्हणे फेसिंग, म्हणजे वाकलेलं हेड मशीनवर घासून सपाट करणं, आमच्याकडे करत नाहीत, हेड बदलावंच लागेल. म्हणजे न मोजताच बदलायचं! कोल्हापुरात उद्यमनगरात गॅरेजला फोन केला तर फेसिंग, प्रेशर टेस्ट (हेड कुठं गळतंय का ते बघणं), गॅस्केट सेट, नवीन रेडिएटर, ऑइल कूलंट सगळं धरून १७-१८ हजार सांगतायत.

माझं मत असं की प्रत्येक एस्टिमेटवर दोन आकडे लिहायची सक्ती पाहिजे, बदलायचे किती आणि दुरुस्त करायचे किती. ज्याच्याकडे पैसे आहेत तो बदलेल. माझ्यासारख्याला दुसरा रस्ता आहे हे निदान सांगा तरी.

हिशेबी_माणूस
दादा वाईट वाटून घेऊ नका पण मी उलट सांगणार. तेरा-चौदा वर्षं जुन्या गाडीवर १७ हजारही घालू नका. आज हेड, दिवाळीला क्लच सेट, मग सस्पेन्शनचं लोअर आर्म. इन्शुरन्स, पीयूसी, टायर धरलेच नाहीत तुम्ही. आणि २०२७ ला १५ वर्षं भरतील तेव्हा री-रजिस्ट्रेशनची फी ५ हजार, वर फिटनेस आणि ग्रीन टॅक्स. आहे तशी विका, कर्ज कमी करा, मिरजेला रिक्षा ठरवा. २४ हजारात चारचाकी सांभाळणं म्हणजे दर महिन्याला बायकोपोरांच्या तोंडचं काढून गॅरेजला देणं, मी स्वतः पाच वर्षं हे केलंय म्हणून पोटतिडकीने सांगतोय.

शिरोळचा_क्लार्क
हिशेब मी पण मांडलाय साहेब. रिक्षा येऊन-जाऊन थांबून ७०० घेते, महिन्याला नऊ फेऱ्या म्हणजे ६,३००. गाडीला एका फेरीत अडीच लिटर पेट्रोल, २६० धरा, नऊ फेऱ्यांचे २,३४०. महिन्याला चार हजाराचा फरक पडतो, म्हणजे १७ हजार चार-साडेचार महिन्यांत वसूल. वडील ७६ चे आहेत, एसटीत ७५ च्या वर तिकीट लागत नाही हेही माहितीये, जाताना एसटीने जाऊ शकतो. पण डायलिसिस झाल्यावर त्यांचं बीपी इतकं उतरतं की स्टँडपर्यंत चालवत नाही, मागच्या सीटवर आडवं करून आणावं लागतं. हे रिक्षात कसं जमणार.

फ्लोअर_ॲडव्हायजर
मी अशाच एका वर्कशॉपला आठ वर्षं ॲडव्हायजर आहे, आमची बाजू पण ऐका. फेसिंग मारलेलं हेड तीन महिन्यांनी परत गळालं तर गिऱ्हाईक लेथवाल्याकडे जात नाही, आमच्या काउंटरवर येऊन भांडतं. नवीन पार्टला वॉरंटी असते, फेसिंगला कोण देणार? आणि एस्टिमेटमधला सगळा पैसा आमच्या खिशात जात नाही. पार्टवर आधी २८ टक्के जीएसटी होता तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला, लेबरवर १८ आहेच. माझा स्वतःचा पगार २२ हजार आहे, तुमच्यापेक्षा कमी, आणि महिन्याचं टार्गेट वर.

मिरजेची_लेक
ॲडव्हायजर दादा, तुमच्या पगाराबद्दल खरंच वाईट वाटलं, पण टार्गेटचं तुम्हीच बोललात ना, मग ते टार्गेट शेवटी कोणाच्या एस्टिमेटवर चढतं? हा प्रश्न आजचा नाही. २०१४ ला स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींच्या वर दंड लावला होता, मुद्दा हाच की सुटे पार्ट आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत. प्रकरण पुढे अपिलात गेलं ते वेगळं. डिसेंबर २०२२ ला केंद्राने राइट टू रिपेअरचं पोर्टल पण काढलं. पण रस्त्यात पेशंट घेऊन अडकलेला माणूस पोर्टल बघत बसतो का, तो सही करून मोकळा होतो. मी माझ्या वडिलांच्या गाडीला सही केली होती आणि काढलेले जुने पार्ट मागितले तर म्हणाले स्क्रॅपला गेले. आता एस्टिमेटवरच हाताने लिहिते, जुने पार्ट परत पाहिजेत. सगळ्यांनी लिहा.

उद्यमनगर_२२वर्षं
मी गॅरेजवाला आहे, मी दोघांशीही थोडा भांडणार. सेंटरवाले न मोजता हेड बदला म्हणतात हे चूकच. पण क्लार्क साहेब, तुम्ही पण खरं सांगा, लाल दिवा लागल्यावर गाडी किती चालवली? आणि कूलंटच्या जागी नळाचं पाणी घालत होता का? माझ्याकडं दहातल्या सहा गाड्यांत तांबडं पाणी निघतं, आतून गंजून रेडिएटर चोक झालेला असतो. लिटरभर कूलंटचे दोन-तीनशे वाचवायला जातात आणि मग हेडवर येतं. गरिबी मान्य आहे ओ, मी पण हेल्परपासून आलोय, पण गाडीला आपला पगार कळत नाही.

शिरोळचा_क्लार्क
पाणी घालत होतो, खोटं बोलणार नाही. आधीच्या मालकाने पाणीच घाला म्हणून सांगितलेलं, मी तेच करत आलो. दिवा लागल्यावर चार किलोमीटर चालवली. दुपारचे अडीच वाजलेले, कडक ऊन, रस्त्याला झाड नाही, वडील मागं आडवे आणि म्हणत होते घरी चल रे. मी कुठं थांबवणार होतो?

उद्यमनगर_२२वर्षं
तुमच्या जागी मी पण चालवली असती. आता ऐका, हेड उतरवल्यावर सरळपट्टी लावून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) समोर मोजून घ्या. थोडं वाकलं असेल तर फेसिंग बसतं, जास्त असेल किंवा व्हॉल्व्हच्या मधी क्रॅक असेल तर जुनं हेड अजिबात बसवू नका, मग बदलायचं म्हणणाराच खरा. प्रेशर टेस्ट झाल्याशिवाय पैसे देऊ नका. खाली ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग पण सपाट आहे का बघायला सांगा, तो कुणी बघत नाही आणि मग गॅस्केट परत जातं. थर्मोस्टॅट (कूलंट गरम झालं की उघडणारी झडप) काढून टाकू म्हणाला तर नाही म्हणायचं, नवीन बसवायचं.

हिशेबी_माणूस
क्रॅक निघाला तर? तेव्हा तरी विकणार का?

शिरोळचा_क्लार्क
तेव्हा बघू. शुक्रवारची फेरी शेजाऱ्यांच्या गाडीतून झाली, मंगळवारी ते नाहीत. उद्या गाडी सेंटरमधून उद्यमनगरला नेतोय, तिथं हेड उतरवतायत, मी रजा टाकलीय, मोजताना तिथंच उभा राहणार. ॲडव्हायजर दादा, गाडी न उघडता परत नेली तर तुमच्याकडे तपासणीचे १,२०० लावतात, ते भरावेच लागतात का?

फ्लोअर_ॲडव्हायजर
आधी सांगून सही घेतली असेल तर लावतात. नसेल घेतली तर मॅनेजरला भेटा आणि जॉब कार्डवर (गाडी घेताना भरतात तो कामाचा कागद) माझी सही दाखवा म्हणा. जमलं तर सकाळी अकराच्या आत जा.