पहिला साप कोणता? माझं मत कॉर्न स्नेक, बॉल पायथन नको

येऊरकर_७:
मावसभावाला साप पाळायचाय आणि ठाण्यात ज्याला विचारावं तो बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) घे म्हणतो. शांत असतो, घाबरला की गोळा होऊन बसतो, चावत नाही वगैरे. खरंय सगळं. पण नवीन माणसाला साप नुसता शांत असून भागत नाही, तो जेवला पण पाहिजे. बॉल पायथन जागा बदलली म्हणून किंवा थंडी पडली म्हणून आठवडेच्या आठवडे तोंड उघडत नाही, मोठा असेल तर महिनोन्महिने, मग नवखा माणूस काळजीने रोज त्याला बाहेर काढून बघतो आणि तो अजूनच खायचा बंद होतो. कॉर्न स्नेक (अमेरिकेतला बिनविषारी साप) मुळात खादाड. ३ ते ५ फूट, अंगाने सडपातळ, गरम कोपरा २९-३० डिग्री मिळाला की झालं.

मेघना_सीवूड्स:
अजिबात पटलं नाही. कॉर्न स्नेकचं पिल्लू हातात घेतलंयस का कधी? पेन्सिलीएवढं असतं, बोटांतून सुळकन निसटतं, घाबरलं की शेपूट थरथरवतं, आणि झाकणाला जरा फट राहिली की गेलं कपाटामागे. बॉल पायथन मनगटाला वेटोळं घालून निवांत बसतो. खात नाही म्हणतोस, तर त्याला लपायला दोन घट्ट जागा दे, एक गरम बाजूला एक थंड बाजूला, आणि फ्रोझन उंदीर गरम पाण्यात ठेवून नीट कोमट करून दे. त्याच्या ओठांवर बारीक खड्डे असतात, त्यांनी तो उष्णता ओळखतो, गारढोण उंदीर पुढे टाकला तर कशाला खाईल? जिवंत उंदीर मात्र नको, सापालाच चावतो.

घोडबंदर_सर्पमित्र:
दोघांचं वाचलं. मला विचाराल तर फ्लॅटमध्ये दोन्ही नकोत. मी कॉलवर जातो तेव्हा सोसायटीतली पोरं हमखास विचारतात, दादा हा बिनविषारी आहे ना मग ठेवू का. धामण, तस्कर, दिवड, मांडूळ, आपल्याकडचा कुठलाही साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि विकत घेतलेला परदेशी साप आला की हा फरक घरातल्या लहान पोरांना कळत नाही. साप हातात घ्यायची भीड एकदा मेली की बिनविषारी कवड्या समजून विषारी मण्यार उचलायला किती वेळ लागतो? कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट, मण्यारचे बरोबर उलटे. रात्री जिन्याखाली टॉर्चच्या उजेडात हे बघायला कोण थांबतं?

येऊरकर_७:
दादा, भीतीपोटी घरात आलेला प्रत्येक साप काठीने मारणाऱ्यांपेक्षा साप जवळून बघितलेलं पोरगं कधीही बरं, हे तुम्हालाही माहितीय. मांडूळवाल्यांबद्दल १००% तुमच्या बाजूने, दोन तोंडं आणि गुप्तधनाच्या नावाखाली त्या बिचाऱ्या जिवाचे हाल करतात. मेघना, ओठांच्या खड्ड्यांचं बरोबर, पण ते सगळं जमवणारा माणूस नवशिका राहतो का?

खारघर_अमेय:
कागदपत्रांचं कोणीच बोललं नाही. बॉल पायथन सायटिसच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) यादीत आहे म्हणून त्याची केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, २०२४ पासून त्याचे नियम आहेत. विकणारा "नंतर करून देतो" म्हणाला तर सरळ उठून यायचं. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही, पण बिल घ्याच. आणि आपल्याकडे हीटरपेक्षा मे महिना अवघड, पत्र्याखालच्या वरच्या मजल्यावर दुपारी थंड कोपरा उरतच नाही. जुलैत उलटं, खालचा भुसा ओला राहिला की पोटाचे खवले कुजतात.

मेघना_सीवूड्स:
हे मान्य, दोन्हींना लागू. तरी माझं मत बॉल पायथनच. फक्त घेण्याआधी घरच्यांना सांगा की तो २०-३० वर्षं जगतो, पोरगं नोकरीला पुण्याला गेलं की उंदीर आईलाच वितळवावे लागणार.

येऊरकर_७:
कॉर्न स्नेकसुद्धा १५-२० वर्षं आहेच. भावाला सांगितलंय, आधी रिकामी पेटी आणि थर्मोस्टॅट लाव, मे-जूनचं तापमान लिहून ठेव, मग साप. नेरूळ-वाशीकडे साप तपासणारे व्हेट कोणाला माहीत असतील तर इथे टाका, परळपर्यंत न्यायचं म्हणजे ट्रॅफिकमध्ये त्या जनावराचे हाल.